हाताने फिरली, तर गाडी द्यायची नाही

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी बाल्कनीत कुंड्यांतली माती मोकळी करत बसले होते. फोनवर शालनताईंचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं, कारण शालनताई सकाळी कधी फोन करत नाहीत. त्यांची सकाळ दत्ताभाऊंचं अंग पुसण्यात, त्यांना कुशीवर वळवण्यात, चमच्याचमच्याने पातळ पेज भरवण्यात जाते... म्हणजे जायची. "बाई, ह्ये गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही चालू होत नव्हती आणि आम्ही दोघी फोन कानाला लावून त्या किका ऐकत राहिलो. पस्तीस वर्षं मी वर्गात उभी राहून बोलण्याचं काम केलं, पण त्या वेळी तोंडून एकच शब्द निघाला. "येते," म्हणाले आणि फोन ठेवला. हाताची माती धुवायचीसुद्धा राहिली.

त्याला आता सहा आठवडे होतील. या पुरवणीत ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं त्यांच्या नावाच्या आगेमागे बहुधा काहीतरी असतं, एखादी संस्था, एखादं पद, निदान एखादा पुरस्कार. दत्ताभाऊंच्या नावाला असं काहीच चिकटलेलं नव्हतं. कर्वेनगरच्या जुन्या गावठाणामागे, दोन सोसायट्यांच्या भिंतींच्या मधे पत्र्याची शेड होती आणि तिच्यात हा एकटा माणूस काम करायचा. बाहेर पाटीसुद्धा नाही. "पाटी लावली की कुनी पन येतंय," असं त्यांचं म्हणणं. ज्या शेतात ते लहानपणी पाणी धरायला जायचे तिथे आता पार्किंग आहे आणि त्या पार्किंगमध्ये गाडी लावणारा एकही माणूस त्यांना ओळखत नव्हता, याची त्यांना गंमत वाटायची. गाडीच्या फक्त खालच्या अंगाचं काम करायचे. स्प्रिंगा, शॉकअप, एक्सल, एवढंच. इंजिनाला हात लावायचे नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला मी योग्य आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण मला त्यांना काही सांगायचं होतं, ते राहिलं, आणि आता ते कुठे नेऊन ठेवायचं हे मला कळत नाही.

मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका होते. मुळशीकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या खडकाळ पठारांवर जी इवलीइवली झाडं येतात, ती बघत फिरणं हे माझं वेड. तिथे जायला रस्ता असा नसतोच, दगडांची रांग असते. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी एक जुनी, हिरवी, फोर बाय फोर गाडी घेतली. तिचं पोट दगडांना घासायला लागलं तेव्हा हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने ती चार इंच उचलून दिली. उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप. गाडी कशी रुबाबदार दिसायला लागली! श्रीकांत, माझा नवरा, म्हणाला, "आता शिडी पण घे." पंधरा दिवसांतच मागून ठण्ण ठण्ण आवाज यायला लागला आणि कुणीतरी मला दत्ताभाऊंची शेड दाखवली. ते गाडीखाली गेले, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्ही दोन नंबर मोठी चप्पल घालून डोंगर चढताय जणू. येक दिवस चप्पल खाली राहनार आन् तुम्ही वर." मी म्हणाले, "मला उपमा शिकवू नका, बिघाड सांगा." ते हसले नाहीत. पण आत जाऊन माझ्यासाठी पाट घेऊन आले आणि म्हणाले, "बसा. सांगतो."

तो बिघाड मला त्या दिवशी जसा कळला तसा सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. गाडीच्या स्प्रिंगला कुणी बांधलेलं नसतं. वर सांगाड्याला एक वाटी असते, खाली एक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, एक वाटी असते आणि त्या दोहोंच्या मधे गाडीच्या ओझ्याने दाबलेली स्प्रिंग नुसती बसलेली असते. ओझं आहे तोवर ती हलत नाही. पण उचललेल्या गाडीचं एखादं चाक खड्ड्यात लोंबलं, की लांब शॉकअपमुळे एक्सल फारच खाली जातो, दोन वाट्यांमधलं अंतर स्प्रिंगच्या उंचीपेक्षा जास्त होतं आणि स्प्रिंग सैल पडते. मग ती तिरकी होते, काठावर चढते, नाहीतर सरळ निसटून बाहेर. उपाय तसे दोन-तीन आहेत. खालचा वेढा वाटीला पट्टीने जखडता येतो. पण दत्ताभाऊंचा नुसत्या त्यावर विश्वास नव्हता. "बांधून घातल्यानं जागेवर राहील, पन सैल ती सैलच," असं म्हणायचे. त्यांचा भर मापावर. शॉकअप बेताचा घ्यायचा आणि सांगाड्यापासून एक्सलपर्यंत जाड कापडी पट्टा असा बांधायचा, की स्प्रिंग सैल पडण्याआधीच पट्टा ताणला जावा आणि एक्सल तिथेच थांबावा.

आणि मग त्यांची तपासणी. गाडी सांगाड्याखाली लोखंडी घोड्या लावून उचलायची, चाकं मोकळी लोंबू द्यायची आणि पंजाने स्प्रिंग घट्ट धरून फिरवून बघायची. हाताने फिरली, तर गाडी द्यायची नाही. कुणाचं लग्न असो, कुणी दारात दम देत उभा असो. सकाळी एकदा फिरवून बघायचे, संध्याकाळी गाडी देण्याआधी पुन्हा एकदा. ही सवय वडिलांकडून आलेली. ते म्हणे बैलगाडीच्या चाकाची खीळ स्वतःच्या बोटांनी दाबून बघितल्याशिवाय बैल जुंपू द्यायचे नाहीत. दत्ताभाऊंचा पंजाही तसाच होता, रुंद, काळसर, बोटांच्या पेरांत ग्रीस मुरलेलं. मी एकदा म्हणाले, "अहो, याला मोजायचं एखादं यंत्र असेल की." तर म्हणाले, "हाय की," आणि उजवा हात वर करून दाखवला.

एकदा मी त्यांना सड्यावर घेऊन गेले होते. गाडीची चाचणी म्हणून आले, पण खरं तर त्यांना बघायचं होतं की ही बाई एवढा आटापिटा करून जाते तरी कुठे. मी त्यांना दवबिंदू दाखवलं. नाण्याएवढं लालसर झाड, पानांवर चिकट थेंब, त्यात किडे अडकतात आणि झाड ते पचवतं. दत्ताभाऊ उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. एक बारीकशी माशी पानावर बसली होती, तिचे पाय चिकटले होते. ती एकेक पाय सोडवायची, आणि तो सुटला की दुसरा अडकायचा. "सुटंल का ही?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही." "काडीनं काढू का?" "काढलीत तरी पाय तुटतील." हातात घेतलेली काडी त्यांनी खाली टाकली. मग उठून पँट झटकत म्हणाले, "बाई, लई वाईट झाड दावलंत." उतरताना गाडीत मी त्यांना पुष्कळ चिडवलं, कोंबडी कापून खाणारा माणूस माशीसाठी हळवा होतो म्हणून. आता ते चिडवणं आठवलं की नको वाटतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या गाडीला चारही स्प्रिंगा नव्या घातल्या. नेहमीप्रमाणे घोड्यांवर चढवून, फिरवून बघून गाडी दिली. पुढच्याच रविवारी कधी नव्हे तो श्रीकांत माझ्याबरोबर यायला तयार झाला. सड्याखालच्या वळणावर मागचं डावं चाक पाण्याने खोदलेल्या ओघळीत उतरलं, वर आलं आणि बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. गाडी श्रीकांतच्या बाजूला कलली. त्याच्या बाजूला दरी होती. मी ब्रेकवर उभी होते आणि त्याचा हात माझ्या मनगटावर होता, आणि आम्ही दोघांनी खिडकीतून स्प्रिंग उताराने उड्या मारत कारवीत जाताना पाहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. खालच्या वाडीतल्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. परतीच्या वाटेवर श्रीकांत एक शब्द बोलला नाही. मला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. जिभेला मी कधीच आवर घातलेला नाही. मी म्हणाले, "दत्ताभाऊ, या वेळी तपासणी हाताने केली होतीत की तोंडाने?" दत्ताभाऊंनी पाना खाली ठेवला. "बाई, शपथंवर सांगतो, फिरली नव्हती. सांच्यालापन बघितली हुती." मी म्हणाले, "मग काय, माझ्यावर रुसून उडी मारली तिने?" गिऱ्हाइकांतला एकजण हसला. दत्ताभाऊ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, माणूस नजर चुकवतोय. त्याच पावली मी निघाले, दुसरीकडून गाडीची डागडुजी करून घेतली आणि पुढचे चार महिने कर्वेनगरला फिरकले नाही. कोथरूडहून तिथे जायला दहा मिनिटं लागतात.

चार महिन्यांनी शालनताई मला भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. त्यांनी आधी माझी, श्रीकांतची, कुंड्यांची, सगळ्यांची विचारपूस केली. मग मेथीची जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, "बाई, ह्यांच्या हातनं चहाचा कप पडतोय. शर्टाची बटनं लागंनात. तुम्ही शिकलेल्या, जरा येऊन बघता का?" मी त्यांच्याबरोबर तशीच चालत गेले. शेडमध्ये दत्ताभाऊ घोड्यांवर चढवलेल्या एका गाडीपाशी जमिनीवर बसले होते. मला बघून त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. "या बाई. ह्ये बघा," म्हणाले आणि त्यांनी उजव्या पंजाने स्प्रिंग धरली. जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या. स्प्रिंग हलली नाही. मग म्हणाले, "शालन, तू लाव गं हात." शालनताईंनी भाजीची पिशवी बाजूला ठेवली, खाली बसल्या आणि एका हाताने स्प्रिंग फिरवली. सहज फिरली.

"बघितलं?" दत्ताभाऊ म्हणाले. "मला फिरत नाय, म्हंजी बसलीया असं नाय. मला आता कुटलीच फिरत नाय." पट्टा लुळा पडल्यासारखा तिथेच लोंबत होता, त्याच्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "तुमच्या गाडीचं पन आसंच झालं आसनार."

पुढे दोन आठवडे ते फोन करत होते. वर्षभरात ज्यांच्या गाड्या दिल्या त्या प्रत्येकाला. आकडे त्यांना दाबता येत नव्हते, म्हणून मी नंबर लावून द्यायचे आणि ते सांगायचे, "दत्ता बोलतोय. गाडी येकडाव आनून दावा. नाय, तुमची चूक नाय, माझी हाय." काहीजण वैतागले. एका पोराने तर विचारलं, "काका, ऑफर चालू आहे का?" एकेक गाडी आली, घोड्यांवर चढली आणि शालनताईंनी एकेक स्प्रिंग धरून बघितली. दोन गाड्यांत सैल निघाल्या. त्या दोन्ही गाड्यांत लहान मुलांच्या सीटा लावलेल्या होत्या. दत्ताभाऊ त्या सीटांकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "बाई, तुम्ही त्या दिशी बोलला नसता तर मी आजूनपन देतच राहिलो आसतो." हे माझ्या माफीच्या उत्तरादाखल होतं. मी माफी मागितली होती, खूप तयारी करून, पण त्यांनी ती अशी बाजूला सारली. मला त्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी बोलले ते त्यांच्या भल्यासाठी नव्हतं, टोचायला बोलले होते, आणि जेव्हा तो माणूस आपल्या हाताकडे बघत होता तेव्हा मला तो खोटारडा वाटला होता.

आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, लांबलचक आहे आणि त्याने काही साधत नाही. मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून सुकत जातात. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी मात्र लख्ख शाबूत राहते. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटी आशा लावली नाही. बाहेर बाकावर दत्ताभाऊंनी मला विचारलं, "बाई, तुम्ही पुस्तकं वाचता. कुटं तरी काय तरी आसंल की." मी महिनाभर वाचलं. मला परिभाषा कळत होती, आकृत्या कळत होत्या, पेशीच्या आत कुठे काय बिघडतं हे मी फळ्यावर काढून दाखवू शकले असते. आणि तिथून पुढे काहीच नव्हतं. शालनताई मात्र दर वेळी तेवढ्याच विश्वासाने विचारायच्या, "काय घावलं का?" आणि मी म्हणायचे, "अजून बघतेय." इतकं शिकून मी त्या बाईला फक्त थांबवून ठेवत होते.

दत्ताभाऊंनी नवं काम घेणं बंद केलं. एकच काम त्यांनी धरून ठेवलं, माझ्या गाडीचं. "तुमची गाडी माझ्याकडनं चुकून ग्येली," म्हणाले. "ती मला नीट करून द्यायची हाय. मग शेड बंद." मी म्हणाले, राहू द्या, चालतेय ती. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवशी गाडी आणून उभी केली. मग आमचे रविवार सुरू झाले. ते प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात ठेवलेले, जणू कुणा दुसऱ्याचे सांभाळायला दिलेत. त्यांनी सांगायचं आणि मी करायचं. जोर लावायची वेळ आली की शालनताई शेडमागच्या घरातून पोळपाट सोडून यायच्या. माझ्या अंगठ्याच्या सांध्याने केव्हाच संप पुकारलाय, घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण श्रीकांत उघडून देतो, त्यामुळे बोल्ट कसायचं काम मला मिळायचं नाही. दत्ताभाऊ म्हणायचे, "बाई, तुम्ही निस्ती मापं घ्या, तुमचा हात खडू धरायचा." मी स्वारगेटच्या पुढे जाऊन वरच्या वाटीची रबरं आणली ती चुकीची निघाली, पुन्हा आणली. एकेका स्प्रिंगला कितीतरी रविवार गेले. वाटीत खाच असते, तिच्यात स्प्रिंगचं टोक नेमकं टेकलं पाहिजे. ते टेकलं की नाही हे बघायला त्यांना खुर्चीसकट वाकवावं लागायचं. शालनताई मागून खुर्ची धरायच्या आणि ते मान तिरकी करून बघायचे. बोलणं अडखळायला लागलं होतं. पुढेपुढे मला शब्द कळेनात, शालनताई सांगायच्या. मग शालनताईंनाही कळेनासे झाले.

शेवटचा पट्टा मागच्या डाव्या चाकाचा होता, तोच, ज्याची स्प्रिंग कारवीत गेली होती. तो बांधून झाला. आता फक्त तपासणी उरली होती. त्यांनी डोळ्यांनी स्प्रिंगकडे खूण केली, आणि तेवढ्यात त्यांना श्वास लागला. त्यांचे ओठ निळे पडले. रिक्षा, मग ॲम्ब्युलन्स, मग ऑक्सिजन... स्प्रिंगला हात लावायचा राहून गेला. गाडी तशीच घोड्यांवर राहिली.

पुन्हा घरी आले ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते. मी शेवटची भेटले तेव्हा खोलीत रेडिओ हळू चालू होता, शालनताई कपडे वाळत घालायला बाहेर गेल्या होत्या. दत्ताभाऊंचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हातावर गेले आणि तिथेच राहिले. मग पुन्हा चेहऱ्यावर, पुन्हा हातावर. मला काय विचारलं जातंय हे कळायला एक क्षणही लागला नाही. शेड पंधरा पावलांवर होती. उठून जाऊन, बघून येऊन खरं सांगता आलं असतं. पण फिरली तर? मग मी या माणसाला येऊन काय सांगणार होते, आणि तो काय करू शकणार होता? मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघितली दत्ताभाऊ. नाही फिरत. एकदम पक्की आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. विश्वास ठेवला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. चार दिवसांनी शालनताईंचा फोन आला.

गेल्या रविवारी मी गाडी आणायला गेले. खरं म्हणजे गाडी आणायला नाही. ते खोटं खरं निघतंय का, ते बघायला गेले. शेडमध्ये सगळं तसंच होतं. खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीला मधोमध पडलेला खळगा. मी गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसले. चाक मोकळं लोंबत होतं, पट्टा ताणलेला होता. मी उजव्या पंजाने स्प्रिंग धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. हलली नाही. उलट्या बाजूने लावला. हलली नाही. मला रडू आलं, मोठ्याने आलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचा दगड बाजूला झाला. मी खोटं बोलले नव्हते, फक्त थोडं आधी बोलले होते. मी तिथूनच हाक मारली, "शालनताई, फिरत नाही हो! पक्की बसलीय!"

शालनताई पिठाचे हात पदराला पुसत आल्या. माझ्याशेजारी बसल्या. त्यांनाही हात लावून बघायचा होता, दुसरं काही नाही, नवऱ्याचं शेवटचं काम होतं ते. त्यांनी माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला, दोन वर्षं एका धिप्पाड माणसाला उचलून कुशीवर वळवणारा हात. आणि फिरवला.

माझ्या पंजाखाली स्प्रिंग सरकली. फार नाही, बोटभर. वरच्या रबराचा बारीकसा आवाज आला.

"फिरतीया की बाई," शालनताई म्हणाल्या.

मी म्हणाले, "शपथेवर सांगते शालनताई, मला नाही फिरली." आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला आठवलं, ते याआधी याच जागी कोण म्हणालं होतं आणि त्यावर मी काय उत्तर दिलं होतं. शालनताई तशाच बसून राहिल्या, हात स्प्रिंगवर ठेवून. पट्टा किती आखडून घ्यायचा, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. ते माप सांगणारं आता कुणी नाही.

थोड्या वेळाने त्या उठल्या, तवा गॅसवर होता. मला हाताला धरून उठवलं. मी बसने कोथरूडला परत आले. गाडी अजून घोड्यांवरच आहे.